बँडवाल्यांच्या घरातला दचक्या

लिही गं. आणि मी बोलते तसंच लिही, तुझं शाळेतलं शुद्धबिद्ध नको. काल तुझी आत्या फोनवर काय म्हणाली ऐकलंस ना? म्हणे, "आई, मला कुकरची शिट्टी सहन होत नाही, स्वेटर टोचतो. म्हणजे माझंही काकांसारखंच असणार. मोबाइलवर एक परीक्षा दिली, त्यात आलं तसं." परीक्षा म्हणे! मी फोनच ठेवून दिला. तोंडात शिव्या आल्या होत्या आणि समोर पोटची पोर, करायचं काय? तेव्हा म्हटलं, तिचे काका, म्हणजे माझे धाकटे दीर, तुझे चुलतआजोबा, ते काय होते आणि त्यांच्यावर काय काय गुदरलं ते एकदा सांगून टाकावं. मी गेल्यावर कोण सांगणार? ज्यांनी पाहिलं ते सगळे मेले, आणि जे जिवंत आहेत ते खोटं सांगतात.

मी लग्न होऊन आले ते बँडवाल्यांच्या घरात. खाली तालमीची खोली, वर राहायच्या दोन खोल्या. तालमीच्या खोलीत भिंतीवर ओळीनं खुंट्या, खुंट्यांवर ट्रम्पेटं, क्लॅरिनेटं आणि जरीच्या पट्ट्यांचे ते लाल कोट. लग्न असो, कुणा पुढाऱ्याची मिरवणूक असो, नाहीतर कुणाचं मढं असो, आमचा बँड पुढे. माझे सासरे बँडचे मास्तर. सगळं गाव मास्तर म्हणायचं म्हणून पोरंही मास्तरच म्हणायची, बाबा म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. मी आपली मामंजी म्हणायची. सासूबाई आधीच सुटल्या होत्या. सुटल्याच म्हणते, लिही तसंच.

तुझे आजोबा थोरले, ते ट्रम्पेट वाजवायचे. धाकटे भाऊजी मोठा ड्रम गळ्यात अडकवायचे. आणि त्यांना बँडवाले म्हणायचे 'दचक्या'. कागद फाडला की दचकायचे. मागून कुणी शिंकलं की दोन्ही हात कानावर. कोटाची कॉलर मानेला लागली की मान अशी लाल व्हायची, जसं कुणी खाजकुइली चोळलीय. मी आतून जुन्या धोतराचं मऊ अस्तर लावून दिलं तर मामंजी म्हणाले, "राजपुत्राला आता मखमल घाला!"

पण दुसरीकडे गंमत बघ. एकदा पायात खिळा घुसलेला, आणि हा माणूस घरभर फिरतोय. फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा मी ओरडले. ते खाली बघून म्हणाले, "हो, काहीतरी आहे खरं." झालं! मामंजींना पुरावाच मिळाला. "बघा, खिळा चालतो, आणि कॉलर टोचते. नाटकी कुठला!"

त्याहून मोठा पुरावा म्हणजे तो ड्रम. लोक म्हणायचे, आवाज सहन होत नाही म्हणतो, आणि स्वतः बडवतो तेव्हा बरा त्रास होत नाही? खरं सांगायचं तर ते मलाही सुरुवातीला कोडंच होतं. ड्रमवर त्यांचा हात असा पडायचा की एका ठोक्याचा फरक नाही. पण शेजारी झांजवाल्यानं झांजा आपटल्या की त्यांचा चेहरा पांढराफटक.

तो झांजवाला! जिभेला हाड नसलेला माणूस. मामंजींचा लाडका. भाऊजी तालमीच्या खोलीत पितळ घासत बसायचे, त्यांना ते काम फार आवडायचं. हा मेला मांजराच्या पावलानं यायचा आणि कानामागे झण्णकन झांजा आपटायचा. भाऊजी जमिनीवर गोळा होऊन पडायचे. सगळे खो खो हसायचे.

एकदा मी जिना उतरून खाली आले आणि म्हटलं, "तुमच्या घरी आईबहिणी नाहीत का कुणी, असले खेळ करायला?"

"वहिनी, औषध देतोय," दात काढत म्हणाला. "मास्तरांनीच सांगितलंय, सवय होईल."

मी मामंजींकडे बघितलं. ते मिरवणुकीत बँड चालवायची छडी पुसत होते. "लोखंड ठोकल्याशिवाय सरळ होत नाही, सूनबाई. वर जा."

आता खरी मेख इथं आहे, नीट लिही. मामंजींनाही आवाज सहन होत नव्हता! घरात भांडं पडलं की तांडव. दुपारी ते झोपले की आम्ही चोरासारखे चालायचो. फिनेलच्या वासानं त्यांचं डोकं उठायचं, उन्हात चमकणारं पितळ डोळ्यांत खुपायचं. आणि मिरवणुकीत कानांत कापसाचे बोळे! टोपी खाली ओढायचे म्हणून लोकांना दिसायचे नाहीत, पण मी कपडे धुणारी, खिशात सापडायचेच. बँडच्या मास्तराच्या कानात कापूस! पण त्यांना त्याची लाज नव्हती, उलट घमेंड होती. भाऊजींना समोर उभं करून म्हणायचे, "तुला जे होतं ते मलाही होतं. तुझ्याएवढंच होतं. मी कापूस घातला, दात खाल्ले आणि सगळा जन्म झांजांच्या पुढे चाललो. माझ्यात कणा आहे, तुझ्यात नाही. एवढाच फरक."

आणि हे सगळ्यांना पटायचं गं. तुझ्या आजोबांनासुद्धा. आजार एकच, बाप सोसतो आणि पोरगा सोसत नाही. मग वाईट कोण? पोरगा.

पण मी घरात रोज बघत होते. नुसते कान नव्हते ते. भाऊजींना रोज सकाळी विचारायचं असायचं, आज कुठल्या रस्त्यानं जायचं. सांगितलं की पुन्हा विचारायचे. रस्ता डोक्यात पक्का बसला की मग शांत. बोलताना तुमच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, खांद्याकडे बघायचे. कुणी रुसलंय, कुणी टोमणा मारलाय, काही समजायचं नाही, आणि समजत नाही याचा त्यांना त्रासही व्हायचा. "वहिनी, ते हसले ते चांगलं हसले का वाईट?" असं विचारायचे. एकदा लग्नघरी मुलीचा बाप बँडवाल्यांना म्हणाला, "या, या, घर आपलंच समजा." भाऊजी सरळ आत गेले, आतल्या खोलीतला दिवा बंद केला आणि नवरानवरीसाठी सजवलेल्या पलंगावर आडवे झाले! मुलीची आई किंचाळत बाहेर. मी आजही आठवून हसते. मामंजी मात्र हसले नाहीत, त्यांनी घरी आल्यावर दोन दिवस त्यांचं ताट वाढू दिलं नाही.

मग मामंजींचं वय झालं, दम लागायला लागला. छडी, म्हणजे मास्तरकी, आता थोरल्याला द्यायची ठरली. तुझ्या आजोबांचा जन्मभराचा ध्यास होता तो. पण मामंजींनी एक अट घातली. म्हणाले, "माझ्या मागं बँडात लंगडा घोडा नको. पुढाऱ्याच्या मिरवणुकीत हा झांजांच्या बरोबर पुढे चालेल. शेवटपर्यंत चालला तर राहील. नाही चालला तर आश्रमात."

तो आश्रम मी पाहिलेला होता. शेजारणीच्या वेड्या नणंदेला भेटायला तिच्याबरोबर गेले होते. एक लांबलचक पत्र्याची खोली, त्यात खाटेला खाट लावून माणसं. जेवायची घंटा, झोपायची घंटा, आंघोळीची घंटा. पत्र्याच्या ताटल्या दिवसभर खणखणतायत, कुणी रडतंय, कुणी भिंतीवर डोकं आपटतंय. मी भाऊजींना त्या खोलीत मनातल्या मनात बसवून बघितलं. मारून टाकलेलं बरं, पण तिथं नको.

रात्रंदिवस एकच घोकणी. मी त्यांना रस्ता पाठ करून दिला. शाळेपासून सुरू, मग बाजार, मग चौकातून उजवीकडे, मग पूल, मग मैदान. भाऊजी म्हणाले, "रस्ता माहीत असला तर झांजा थोड्या कमी लागतात, वहिनी." म्हटलं, मग झालं तर.

मिरवणुकीच्या दिवशी मी बाजाराच्या कडेला पायरीवर उभी. बँड आला. मामंजी पुढे छडी घेऊन, मागे ट्रम्पेटं, मग भाऊजी, आणि त्यांच्या पाठीला लागून तो झांजवाला. भाऊजींचे ओठ हलत होते, रस्ता म्हणत होते बहुतेक. घामानं निथळलेले, पण हात ठोक्यावर. मी मनात म्हटलं, चाललं माझं बाळ. हो, दीर असले तरी मला ते बाळच वाटायचे.

चौकात पोलिसानं हात आडवा केला. उजवीकडे रस्ता खणलेला. मामंजींनी छडी डावीकडे फिरवली आणि सगळा बँड डावीकडे वळला. ड्रम थांबला.

मोठा ड्रम थांबला की बँडचे पाय थांबतात, माहीत आहे का तुला? सगळे एकमेकांवर आदळले. आता या बँडवाल्यांची एक रीत होती. कुणाचा ठेका चुकला की झांजवाल्यानं त्याच्या कानाशी जाऊन झांजांनी ठेका द्यायचा, म्हणजे चुकलेला माणूस परत तालात येतो. त्याला ते 'ठेका भरवणं' म्हणायचे, लेकराला घास भरवावा तसं. नवख्या वाजवणाऱ्यांना खरंच उपयोग व्हायचा त्याचा. तर झांजवाला पुढे झाला आणि भाऊजींच्या कानाला लावून झण्ण! झण्ण! झण्ण!

भाऊजी ड्रमसकट रस्त्यात बसले. ड्रमच्या लोखंडी कडेवर कपाळ आपटायला लागले. तोंडातून शब्द नाही, नुसता एक आवाज, जनावराचा असतो तसा. मामंजी ओरडले, "अजून भरव!" आणि त्यानं अजून भरवला. मी गर्दीतून वाट काढतेय, लोक हसतायत, एक बाई म्हणतेय, "प्यायलाय वाटतं." मी पोचायच्या आत मामंजींनी छडी उगारली आणि भाऊजींच्या पाठीत घातली. भर चौकात. पुन्हा घातली. तिसऱ्यांदा उगारली ती तुझ्या आजोबांनी धरली. ट्रम्पेट त्यांनी तसंच रस्त्यावर टाकलं होतं. बापाचा हात धरण्याची ती त्यांची पहिली वेळ.

मामंजी एवढंच म्हणाले, "ठीक. आश्रमाची गाडी बोलावतो."

भाऊजी घरी येऊन पलंगाखाली शिरले ते बाहेर येईनात. बोलणं बंद. मी तुझ्या आजोबांना म्हटलं, "अहो, एकदा दवाखान्यात दाखवू. मग काय करायचं ते करा." गंमत म्हणजे मामंजी लगेच तयार झाले. म्हणाले, "मीही येतो. कान ठणठणीत आहेत असं डॉक्टरच्याच तोंडून ऐकवतो तुम्हाला. मग रडू नका."

दवाखान्याचा रस्ता मी चार वेळा सांगितला तेव्हा भाऊजी पलंगाखालून निघाले. कानाच्या डॉक्टरनं यंत्र लावून तपासलं आणि म्हणाला, कान उत्तम. मामंजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चोर आणि ते हवालदार. पण डॉक्टर पुढे म्हणाला, "कान उत्तम आहेत म्हणजे त्रास खोटा, असं नव्हे. वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टर आहेत, त्या बाईंना दाखवा."

त्या डॉक्टरीणबाई काही एका बैठकीत मोकळ्या झाल्या नाहीत. चार-पाच वेळा बोलावलं. आश्रमात जागा रिकामी व्हायची होती म्हणून तेवढी सवड मिळाली. लहानपणीचं सगळं विचारलं, आणि ते सांगणार कोण? सासूबाई नव्हत्या. मामंजींनाच सांगावं लागलं, दात उपटताना बोलावं तसं. उशिरा बोलायला लागला. चमचे ओळीनं लावत बसायचा, कुणी हलवला की आकांत. पोरांत खेळायचा नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, यांना स्वमग्नता आहे. जन्मापासून आहे. तेव्हा तो शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला.

मामंजी खुर्चीत पुढे सरकले. "असं? मग मलाही आवाज सहन होत नाही. उजेड सहन होत नाही. वास सहन होत नाही. मीही तुमच्या त्या रांगेत बसतो का?" आवाजात नुसतं विष.

बाई शांतपणे म्हणाल्या, "एवढ्यावरून तुमच्याबद्दल छातीठोक काही सांगणार नाही मी. पण एक विचारते. चौकात रस्ता बदलला तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"वळलो. दुसरं काय करणार?"

"कुणी 'घर आपलंच समजा' म्हटलं तर?"

"हसतो. हा काय प्रश्न झाला?"

"समोरचा रागावलाय हे त्यानं न सांगता कळतं?"

"आंधळा आहे का मी?"

"आणि मिरवणुकीहून घरी आल्यावर?"

"झोपतो घटकाभर. उठलो की ठीक."

बाई म्हणाल्या, "तुमचे कान, डोळे, नाक हळवे आहेत. तशी पुष्कळ माणसं असतात, त्यात आजार काही नाही, आणि त्याचा त्रासही खोटा नसतो. तुमच्या मुलाचंही तसंच आहे, पण त्यांचं तेवढंच नाही. माणसांचं बोलणं-वागणं उमगणं, ठरलेलं बदललं तर सावरणं, हे सगळं त्यांना जन्मापासून वेगळं आहे. स्वमग्न माणसांत बहुतेकांना हा आवाज-स्पर्शाचा त्रास असतोच. पण हा त्रास असला की माणूस स्वमग्न, असं नाही. आणि काही गोष्टी उलट्या, कमीही जाणवतात त्यांना. तो खिळा."

बघ, हे जे बोलणं आहे ना, ते वाक्यन् वाक्य तुझ्या आत्याला वाचून दाखव. तिचा स्वेटर टोचतो ते खरं आहे, मी कुठं नाही म्हणते? पण तपासून घे म्हणावं, मोबाइलला विचारू नको.

"मग ड्रम?" मामंजींनी शेवटचा पत्ता टाकला. "तो कसा बडवतो?"

"स्वतः वाजवताना पुढचा ठोका कधी पडणार ते आधी ठाऊक असतं. मागून येणारी झांज ठाऊक नसते. तुम्ही कानाशी झांजा वाजवून त्यांना तालात आणायला गेलात, मास्तर, पण त्यांचा ताल सुटलाच नव्हता. पाठ केलेला रस्ता सुटला होता."

मला वाटलं, आता तरी हा माणूस नरमेल. पण नाही. ते उठले आणि म्हणाले, "म्हणजे मी जन्मभर दात खाऊन सोसलं ते काहीच नाही. आणि हा रस्त्यात बसला, त्याला मात्र तुम्ही मोठं नाव देता." बाई म्हणाल्या, "तुमचं सोसणं खरं आहे. पण तुमच्या मापाचा कोट त्यांच्या अंगात कोंबू नका." ते ऐकायला मामंजी थांबलेच नाहीत, जिना उतरत होते.

घरी आल्यावर त्यांनी छडी टेबलावर ठेवली आणि थोरल्याला म्हणाले, "नाव लागलं म्हणून ठोका सुधारत नाही. गाडी उद्या येतेय. छडी हवी असेल तर त्याला गाडीत बसव. त्याला ठेवायचं असेल तर माझ्या छपराखालून चालता हो."

तुझ्या आजोबांनी छडी बापाकडे परत सरकवली. मग म्हणाले, "छडी झांजवाल्याला द्या. त्याला दुसऱ्याला दुखवायची सवय आहे." आणि मला म्हणाले, "बोचकं बांध."

दुसऱ्या दिवशी अंगणात सगळा बँड गोळा झाला तमाशा बघायला. आम्ही निघालो. भाऊजींना मी आधीच सांगितलं होतं, माझ्या माहेरी जायचं, कसं जायचं, तिथं किती खोल्या आहेत. गाडीचं ऐकून ते पुन्हा पलंगाखाली शिरले होते, ते स्वतः बाहेर आले. ड्रम गळ्यात घातला. मामंजी दारात आडवे. "माझं जे जे आहे ते इथं ठेवून जा."

आता हे बोलणं कशासाठी होतं? आम्हाला हिणवायला होतं. पण भाऊजी थांबले. विचार केला. ड्रम उतरवून खाली ठेवला. लाल कोट काढला, घडी घातली, ड्रमवर ठेवला. मग टोपी. मग सदरा, तोही मास्तरांनीच आणलेला. मग चपला. एकावर एक, कडा जुळवून. बनियनवर उभे राहिले आणि पँटच्या बटणाला हात घातला तेव्हा बँडवाले शिट्ट्या मारायला लागले.

"भाऊजी, पँट मी आणलीय," मी म्हटलं. खोटं होतं, पण असं खोटं बोलायला मला कुणाचं भय आहे?

"वहिनी, नक्की?"

"नक्की."

मग ते थांबले. मामंजी त्या ढिगाकडे बघत होते. 'असू दे रे, घाल' एवढे चार शब्द त्या माणसाच्या तोंडून निघाले असते तर मी आज त्याला नावं ठेवली नसती. निघाले नाहीत. ते दारातून बाजूला झाले, बस्स.

बाहेर डांबर तापलेलं. मी माझ्या चपला काढून भाऊजींच्या पुढे सरकवल्या. टाचा अर्ध्या बाहेर, तरी घातल्या त्यांनी. झांजवाला अंगणातून ओरडला, "वहिनी, दिराला बायकी चपला! आता बांगड्याही भरा!"

मी अनवाणीच मागे वळले. म्हटलं, "भरीन. आणि तू मास्तरांच्या कानातला कापूस बदलत बस, तोच तुझा पगार."

अंगणातलं हसणं बंद झालं. मामंजींनी पटकन टोपी खाली ओढली. भाऊजी माझ्या खांद्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, ते आता का हसत नाहीत?"

"चला," मी म्हटलं, "पाय भाजतायत माझे."

आश्रमाची गाडी कोपऱ्यावर आमच्या समोरून आत वळली. तुझ्या आजोबांनी ड्रायव्हरला हात केला, रिकामी ने म्हणाले.